पलूस-तासगावकडील द्राक्षबागा आणि वायनरी सायकलने पाहायच्या आहेत. केव्हा जावे आणि कसे जावे?

संगम माहुली (सातारा)

नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि गेली सहा वर्षे नियमित सायकल चालवते. यवतेश्वरचा घाट, कास, ठोसेघर, वाई हे रस्ते धाकट्या भावाबरोबर अनेकदा पालथे घातले आहेत. मागील वर्षी नाशिकला नातेवाइकांकडे गेले असताना गंगापूर धरणाच्या बाजूच्या दोन वायनरी मोटारीतून जाऊन पाहिल्या. आदरातिथ्य चांगले होते, परंतु वाटेतल्या बागा काचेआडून इतक्या झरझर मागे गेल्या की वेलीचे खोड कसे असते, ती तारेवर कशी चढवतात, वाइनच्या द्राक्षाचा घड खाण्याच्या द्राक्षापेक्षा कसा वेगळा दिसतो, यांतले काहीच डोळ्यांत साठले नाही. फ्रान्समध्ये बरगंडी प्रांतात बोन या गावापासून सॉन्तने या गावापर्यंत द्राक्षमळ्यांतून सायकलींसाठी सुमारे वीस किलोमीटरचा मार्ग आखलेला आहे, असे वाचल्यापासून आपल्याकडे असे काही करता येईल का, हा विचार मनातून जात नाही.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आहे आणि तासगाव तर द्राक्षांचे माहेरघरच. आम्ही दोघे भाऊबहीण शनिवार-रविवार असे दोन दिवस काढू शकतो. कोणत्या महिन्यात यावे, सायकली साताऱ्याहून आणाव्यात कशा, आणि तेथील वायनरी बाहेरच्या माणसांना आत येऊ देतात का, हे जाणकारांनी सांगावे. आम्हाला वाइन पिण्याची घाई नाही; ती कशी तयार होते हे वेलीपासून बाटलीपर्यंत पाहायचे आहे.

मिरज पंढरपूर रोड

ताई, सायकलींचा प्रश्न आधी सोडवतो, कारण तोच सर्वांत सोपा आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर कऱ्हाड सोडले की ताकारी आणि त्यानंतर किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते, आणि किर्लोस्करवाडीहून पलूस हाकेच्या अंतरावर आहे. आपण साताऱ्याच्या स्थानकावर, म्हणजे आपल्या माहुलीच्या बाजूलाच, गाडीच्या वेळेच्या बरेच आधी जाऊन पार्सल कार्यालयात सायकलींची नोंद करावी. लहान स्थानकांवर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते आणि सामानाचा डबा फलाटाच्या एका टोकाला राहतो, म्हणून एकाने त्याच टोकाच्या डब्यात बसावे. पुढचे चाक काढून सायकल जाड कापडी पिशवीत बांधून नेणे मला अधिक निर्धोक वाटते. मागच्या वर्षी मी पिशवी न घेता सायकल दिली, ती मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकून हाती आली आणि पूर्ण दिवस दुरुस्तीत गेला.

उतरल्यावर किर्लोस्करवाडीत क्षणभर थांबावे, असे मी प्रत्येक सायकलस्वाराला सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलचे दुकान काढले, आणि पुढे १९१० मध्ये औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या या माळरानावर कारखाना व वसाहत उभी केली. सायकलीच्या दुकानातून उगवलेल्या गावातून सायकलची सहल सुरू होते, याचा मला दर वेळी आनंद होतो.

मार्ग असा आहे. पहिल्या दिवशी किर्लोस्करवाडी, पलूस, येळावी, तासगाव. हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे, त्यामुळे बागांत थांबायला पुष्कळ वेळ राहतो. मुक्काम तासगावात करावा. संध्याकाळी उजव्या सोंडेच्या गणपतीचे मंदिर पाहावे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधविलेल्या या मंदिराचे सात मजली गोपुर दाक्षिणात्य धाटणीचे आहे आणि आपल्या भागात तसे दुसरे सहसा आढळत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मणेराजुरीच्या दिशेने दहा-बारा किलोमीटर जाऊन परत यावे, कारण दाट बागा खऱ्या अर्थाने तिकडे आहेत, आणि मग कवठे एकंद, कवलापूर करत सांगली गाठावी. तासगाव ते सांगली पंचवीस किलोमीटरच आहे आणि रस्त्याला मोठा चढ नाही.

दोन गोष्टी मात्र जपाव्यात. हंगामात कृष्णाकाठच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ असते आणि एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. पुढची ट्रॉली आपल्याला ओलांडून गेली म्हणजे सगळे गेले असे समजून रस्त्याच्या मध्याकडे वळू नये, कारण मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते. दुसरी गोष्ट सराट्याची, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या काटेरी तणाची. बागेच्या बांधावर सायकल हाती धरून चाललात तरी सराट्याचे काटे टायरमध्ये शिरतात, त्या वेळी हवा जात नाही, आणि पुढे पाच किलोमीटरवर चाक बसते. रस्त्यावर येताच दोन्ही टायरांवरून ओला कपडा फिरवून काटे काढावेत आणि दोन जादा ट्यूब जवळ ठेवाव्यात.

बोरगावचा बागायतदार

ताई, आमच्या तासगाव तालुक्यात आपले स्वागत आहे. मिरजकर दादांनी मार्ग उत्तम सांगितला आहे. मी वडिलांच्या वेळेपासून द्राक्षे करतो, म्हणून वेळेबद्दल लिहितो, कारण बाग पाहायची तर वेलीच्या पंचांगाप्रमाणे यावे लागते.

आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधल्या छाटणीला खरड छाटणी म्हणतात. तेव्हा वेल पार उघडी करून नवी काडी वाढवायची असते आणि त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. ऑक्टोबरच्या आगेमागे फळ छाटणी होते आणि तेथून खरी लगबग सुरू होते. पोंगा म्हणजे नवा कोंब, फुलोरा, जादा मणी काढण्याची विरळणी, मग मण्यात पाणी उतरणे, म्हणजे मणी मऊ व गोड होऊ लागणे, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी. आपण मे महिन्यात आलात तर हिरवा मांडव दिसेल पण एकही घड दिसणार नाही, आणि नोव्हेंबरात आलात तर घड दिसतील पण बागायतदाराला आपल्याशी बोलायला उसंत नसेल, कारण डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या भीतीने तो ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, घेऊन रात्रंदिवस फवारणीत असतो. फवारणी चालू असलेल्या बागेजवळ थांबूही नये. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला, कारण तेव्हा एका बागेत काढणी, दुसऱ्या बागेत पेट्या भरणे आणि शेजारच्या माळावर बेदाण्याची शेड, हे सर्व एकाच दिवसात पाहायला मिळते.

मांडवाखाली वाकून शिरलात की आपल्या डोक्याच्या उंचीवर घड लोंबताना दिसतील. ते बहुतेक थॉमसन सीडलेस, सोनाका, माणिक चमन किंवा तास-ए-गणेश या वाणांचे असतील. तास-ए-गणेश आमच्या बोरगावच्याच वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या वेलींतून निवडून काढला. तास म्हणजे तासगाव, ए म्हणजे आर्वे आणि गणेश म्हणजे आमचा गणपती. आमच्या तालुक्याचे नाव घेऊन एक वाण देशभर गेला, याचा अभिमान वाटतो. हे सर्व खाण्याचे आणि बेदाण्याचे वाण आहेत, वाइनचे नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे, कारण पलूसच्या वाइन पार्कचे नाव ऐकून येणाऱ्यांना वाटते की सांगली जिल्हाभर वाइनची द्राक्षे पसरलेली आहेत.

ती एके काळी पसरू लागली होती. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला व आमच्या जिल्ह्यात पलूसला असे दोन वाइन पार्क ठरले. मी २००५ मध्ये दोन एकर शिराझ, म्हणजे लाल वाइनचे द्राक्ष, लावली. खरेदीचा करार होता, दर ठरलेला होता आणि पहिली दोन पिके व्यवस्थित गेली. मग जगभर मंदी आली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या, आणि २००९ च्या हंगामात ज्या कंपनीशी माझा करार होता तिने ऐन काढणीच्या आठवड्यात माल उचलणार नाही असा निरोप दिला. शिराझचा मणी वाटाण्याएवढा, सालीला जाड आणि आत दोन-तीन बिया असलेला. तो बाजारात खायला कोण घेणार, आणि बिया असल्यामुळे त्याचा बेदाणाही होत नाही. पंधरा दिवस घड वेलीवर सुकत गेले आणि शेवटी मजूर लावून ते खाली पाडावे लागले. आमच्या आईने त्या पंधरा दिवसांत त्या बागेच्या बाजूला पाऊल टाकले नाही.

पुढच्या वर्षी मी त्या वेली उपटल्या नाहीत. खाली डॉगरिजचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांचे खोड, चांगला रुजलेला होता, म्हणून शिराझचे खोड कापून त्यावर सोनाकाचे कलम बांधले. अशी कलमे या पट्ट्यात पुष्कळांनी बांधली. म्हणून आपण बागेत आलात की खोडाकडे पाहा. जमिनीपासून वीतभर उंचीवर डॉगरिजवरचा पहिला सांधा असतो आणि काही वेलींना त्याच्या वर आणखी एक गाठ दिसते. ती दुसरी गाठ दिसली की समजावे, येथे एके काळी वाइनचे द्राक्ष होते.

कडेची एक ओळ मात्र मी शिराझचीच ठेवली आहे. आपण आलात तर दाखवीन.

टाकीवरची मुलगी

मी सांगलीची असून शिक्षणानंतर काही वर्षे नाशिककडे एका वायनरीच्या प्रयोगशाळेत आणि टाक्यांवर काम केले आहे. काकांनी जे लिहिले ते वाचून मन भरून आले. वायनरीच्या आत काय पाहावे एवढ्यापुरते मी लिहिते.

पहिली गोष्ट परवानगीची. पलूसचा वाइन पार्क ही औद्योगिक वसाहत आहे. नाशिककडे जशी आल्यागेल्यासाठी चाखण्याची दालने आणि उपाहारगृहे आहेत, ती अपेक्षा मनात ठेवून येथील फाटकासमोर उभे राहू नये. आम्ही मैत्रिणी एकदा न कळवता एका कारखान्यात गेलो आणि सुरक्षा रक्षकाने नम्रपणे परत पाठवले, ते योग्यच होते, कारण आत राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांखाली प्रत्येक लिटरचा हिशेब ठेवलेला असतो. आठ-दहा दिवस आधी दूरध्वनी करून, आम्ही सायकलने येणारे दोघे आहोत, काढणीच्या काळात अर्धा तास काम पाहू इच्छितो, असे स्पष्ट सांगावे. काढणीच्या हंगामात माणसे कामात असली तरी त्याच वेळी दाखवण्यासारखे काही असते. जूनमध्ये गेलात तर स्वच्छ धुतलेल्या टाक्या तेवढ्या दिसतील.

द्राक्षे भल्या पहाटे तोडून उन्हाआधी आत आणतात, कारण तापलेला मणी वाटेतच फुटून आंबू लागतो. म्हणून वायनरी सकाळी पाहावी. आधी देठ वेगळे करणारे यंत्र मणी सोडवते. पांढऱ्या वाइनसाठी, म्हणजे शेनिन ब्लाँ किंवा सोविन्यों ब्लाँसाठी, रस लगेच दाबून काढतात आणि तो साल न ठेवता थंड टाकीत सुमारे १२ ते १६ अंशांवर आंबवतात. टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्राव फिरत असतो, त्यामुळे बाहेरून हात लावला तर दवाने ओला होतो. लाल वाइनमध्ये साल रसातच ठेवतात, कारण रंग सगळा सालीत असतो. शिराझचा मणी चिमटीत दाबून पाहावा: रस जवळजवळ पाण्यासारखा निघतो आणि बोटांना मात्र जांभळा डाग पडतो. आंबताना निघणाऱ्या वायूने साली वर ढकलल्या जातात आणि टाकीच्या तोंडाशी त्यांचा हातभर जाड थर साचतो. तो कोरडा पडून बिघडू नये म्हणून खालचा रस पंपाने ओढून दिवसातून दोन-तीनदा त्यावर ओततात. हे दृश्य पाहायला मिळाले तर सोडू नये. त्या वेळी टाकीच्या तोंडात वाकून श्वास मात्र घेऊ नये, कारण वरचा सगळा वायू कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्याने माणूस क्षणात भोवळ येऊन पडतो.

बागेत वाइनचे द्राक्ष दिसले तर बी चावून पाहावी. खाण्याच्या द्राक्षाची गोडी १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचे माप) आसपास आली की तो माल तोडतात, वाइनसाठी मात्र २२ ते २४ पर्यंत थांबतात. तरीही अनुभवी माणूस नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे गोडी मोजणाऱ्या उपकरणावर, विश्वासत नाही. बी हिरवी असेल तर वाइन तुरट होते. बी तपकिरी होऊन दातांखाली शेंगदाण्यासारखी कुरकुरीत फुटली, म्हणजे द्राक्ष तयार झाले.

चाखण्याबद्दल एवढेच सांगते की वाइनमध्ये मद्यार्क १२ ते १४ टक्के असतो आणि चार-पाच प्रकार थोडे थोडे चाखले तरी दीड-दोनशे मिलिलिटर पोटात जाते. उन्हात सायकल चालवून शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते, तेव्हा तेवढ्यानेही तोल जातो. तोंडात घोळवून पिंपात थुंकणे ही चाखण्याची मान्य पद्धत आहे, त्यात यजमानाचा अपमान नाही. ज्या दिवशी गिळायचे त्या दिवशी सायकलवर बसायचे नाही, असा नियम मी स्वतःसाठी पाळते. राज्यात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, त्यामुळे धाकट्या भावाचे ओळखपत्र बरोबर असू द्यावे.

संगम माहुली (सातारा)

आपल्या सर्वांची उत्तरे आम्ही दोघांनी दोनदा वाचली. भाऊ तेवीस वर्षांचा आहे, त्यामुळे ती अडचण नाही. परंतु आम्ही थुंकण्याचीच पद्धत पाळू. काका, आपल्याकडे अवश्य येऊ. एक विचारायचे राहिले. बेदाण्याच्या शेडमध्ये बाहेरच्या माणसाने गेलेले चालते का, आणि वाटेतल्या बागांत थांबताना काय पाळावे?

बोरगावचा बागायतदार

चालते, फक्त मुकादमाला विचारून जावे आणि चपला बाहेर काढाव्यात, कारण तो खाण्याचा माल असतो. घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्याने मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर उडते. मग ते जाळीच्या एकावर एक कप्प्यांवर पसरतात आणि वरून हिरवे शेडनेट असते. पंधरा ते वीस दिवसांत मणी सुकतो आणि चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा उतरतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. शेडमध्ये दुपारी शिरलात तर वास असा येतो की गूळ आणि हिरवे गवत एकत्र तापले आहे असे वाटते.

बागेत शिरताना बांधावरून हाक द्यावी आणि कोणी दिसले नाही तर आत जाऊ नये. घडाला हात लावू नये. मण्यावर जी पांढरट लव दिसते ती बोटाने पुसली गेली की व्यापारी तो घड बाजूला काढतो, आणि मालकाने स्वतः तोडून दिल्याशिवाय खाऊ तर मुळीच नये, कारण शेवटची फवारणी केव्हा झाली हे त्यालाच ठाऊक असते. सायकल तारा धरणाऱ्या लोखंडी अँगलला टेकवू नये. ताणावरची तार एका ठिकाणी सैल झाली की सगळी ओळ खाली येते.

संगम माहुली (सातारा)

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी-रविवारी जाऊन आलो, म्हणून येथे नोंद करते. सायकली पिशवीत बांधून नेल्या आणि त्या सुखरूप उतरल्या. पलूसला पूर्वपरवानगीने एका कारखान्यात चाळीस मिनिटे मिळाली. सालींच्या थरावर रस ओतताना पाहिला आणि त्या वासाने भावाला ऊस गाळणाऱ्या गुऱ्हाळाची आठवण झाली. अकरानंतर ऊन चांगलेच चढले, त्यामुळे येळावीच्या पुढे एका वडाखाली तीन तास काढावे लागले. पुढच्यांनी किर्लोस्करवाडीला आदल्या रात्रीच पोहोचावे, म्हणजे सकाळचा थंड वेळ वाया जात नाही. सराट्याने भावाचे मागचे चाक मणेराजुरीच्या अलीकडे बसले आणि ओल्या कपड्याचा सल्ला आम्ही पाळला नव्हता हे तेव्हाच लक्षात आले.

रविवारी सकाळी काकांच्या बागेत गेलो. सोनाकाच्या वेलींवरच्या दोन्ही गाठी त्यांनी बोट ठेवून दाखवल्या. खालची गुळगुळीत होती आणि वरची मुठीएवढी, खडबडीत. मग कडेच्या ओळीपाशी नेऊन त्यांनी शिराझचा एक घड स्वतः कात्रीने तोडून आमच्या हातावर ठेवला. मणी लहान, काळसर आणि अपेक्षेपेक्षा फार गोड होते. बी चावली तर ती कुरकुरीत, तपकिरी होती, म्हणजे द्राक्ष तयार होते. काकांच्या आईही काठी टेकत बांधापर्यंत आल्या होत्या. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, बी हातावर घेऊन पाहिली आणि ही ओळ यंदाही काढून टाकायची नाही, असे त्या मुलाला म्हणाल्या. आमच्या बोटांवरचा जांभळा डाग सांगली स्थानकात साबणाने धुऊनही गेला नाही.